सावली उजळवलेला फोटो पुरावा म्हणून चालेल का? वर्ध्याच्या रस्त्यांवरून एचडीआरकडे बघताना



शहरातले रस्ते, बाजार, पायी चालणारे लोक किंवा जुन्या इमारती यांच्यावर लिहिलेला कोणताही प्रबंध उघडा. तिसऱ्या प्रकरणात फोटो असतातच. खाली कॅप्शन असतं, ‘मुख्य बाजारपेठ, दुपारची वेळ’. आता त्या फोटोकडे नीट बघा. आकाश निळंशार आहे, एकही ढग पांढरा फटक पडलेला नाही. दुकानाच्या आतल्या फळीवरच्या डब्यांचे रंगही ओळखू येतात. कडुलिंबाखालची सावली छान राखाडी, त्यातली सायकल स्पष्ट. सगळं दिसतं, फक्त दुपार दिसत नाही.

आजचा विषय हाच आहे. पायी फिरत फिरत शहराचे फोटो काढायचे आणि त्यांवर एचडीआर, टोन मॅपिंग करायचं ही आता कुणा हौशी माणसाची आवड राहिलेली नाही. तुमच्या खिशातला फोन ते न विचारता करतो. त्यामुळे फोटो ‘डेटा’ म्हणून वापरणाऱ्या प्रत्येकाने या तंत्राकडे जरा टीकेच्या नजरेने बघायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: जास्त रेंज टिपणं हे मोजमाप आहे, आणि ती रेंज पडद्यावर बसवणं हा निर्णय आहे. संशोधनात मोजमाप आणि निर्णय एकाच फोटोत मिसळून गेले आणि कुठे काय झालं ते लिहिलं नाही, तर तो फोटो शोभेचा उरतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ

‘एचडीआर’ हा शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

पहिली गोष्ट, टिपणं. एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे अनेक फोटो घ्यायचे आणि त्यांतून प्रत्येक बिंदूला प्रत्यक्षात किती उजेड होता हे काढायचं. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा १९९७ चा पेपर यासाठी आजही वाचावा असा आहे. त्यांनी कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रतिसाद गणिताने शोधून काढला आणि फोटोंच्या गठ्ठ्यातून उजेडाचा नकाशा तयार केला. हा नकाशा म्हणजे आकडे. रस्त्याचा हा बिंदू त्या बिंदूपेक्षा वीस पट उजळ आहे, असं त्यातून सांगता येतं. फक्त तो साध्या पडद्यावर जसाच्या तसा दाखवता येत नाही, कारण पडद्याची झेप तेवढी नसते.

दुसरी गोष्ट, टोन मॅपिंग. तो मोठा नकाशा पडद्याच्या किंवा कागदाच्या लहान मापात बसवणं. बारा माणसांच्या बैठकीत पन्नास माणसं बसवायची तर कोणाला तरी सरकावं लागतं. कोण सरकणार, हे ठरवणाऱ्या सूत्राला ऑपरेटर म्हणतात. ऑपरेटर ढोबळमानाने दोन जातींचे. ‘ग्लोबल’ ऑपरेटर पूर्ण फोटोला एकच वक्ररेषा लावतो. त्यात अंतर कमी होतं, पण क्रम राहतो: जे प्रत्यक्षात जास्त उजळ, ते फोटोतही कमी उजळ होत नाही. ‘लोकल’ ऑपरेटर प्रत्येक बिंदूच्या आजूबाजूला बघून निर्णय घेतो. त्यात बारकावे सुंदर दिसतात, पण क्रम मोडू शकतो. सावलीतली करडी भिंत उन्हातल्या डांबरापेक्षा कितीतरी जास्त उजळ दिसू शकते, प्रत्यक्षात फरक उलटा असला तरी. २००२ साल या विषयात महत्त्वाचं मानतात. राइनहार्ड आणि सहकाऱ्यांचा छायाचित्रणाच्या डार्करूमवरून प्रेरणा घेतलेला ऑपरेटर, ड्युरँड आणि डॉर्सी यांचा बायलॅटरल फिल्टरवाला, आणि फट्टाल व सहकाऱ्यांचा ग्रेडियंटवर चालणारा, हे तिन्ही त्याच वर्षी आले.

तिसरी गोष्ट, एक्स्पोजर फ्यूजन. मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की उजेडाचा नकाशा न काढताही अनेक फोटोंमधले ‘चांगले’ भाग जोडून एक फोटो करता येतो. चांगला भाग म्हणजे काय? कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा आणि मध्यम उजेड, या तीन निकषांवर जो जास्त गुण मिळवतो तो. यात मधे मोजमापच नाही. दिसायला सुरेख, पण त्यावरून उजेडाबद्दल आकडा काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

फोनचं काय? गूगलच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत फोन एकाच कमी एक्स्पोजरचे अनेक फोटो पटापट घेतो, ते एकावर एक जुळवतो, त्यामुळे अंधारातली खरखर कमी होते, आणि मग सावल्या उचलतो. आज बहुतेक फोन याच कुळातलं काहीतरी करतात. कोणत्या कंपनीच्या फोनने नेमकं काय केलं, हे तुम्हाला फाइलमधून कळत नाही. म्हणजे तुमच्या ‘डेटा’वर कोणीतरी आधीच प्रक्रिया केली आहे आणि सूत्र मात्र तुमच्याकडे नाही.

वर्ध्याची दुपार किती स्टॉपची?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. छायाचित्रकार उजेडाचा फरक ‘स्टॉप’मध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे दुप्पट. थेट उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. दाट झाडाखाली तो ५ ते १० हजारांवर येतो, म्हणजे तीन ते चार स्टॉपचा फरक. कवेलूच्या घरात, खिडकीपासून लांब, ५० लक्स धरले तर उन्हापासून तिथपर्यंत २,००० पट, म्हणजे जवळपास ११ स्टॉप. त्यात पांढरी भिंत आणि काळं कापड यांच्यातला चारेक स्टॉपचा फरक मिळवा. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर १२ ते १४ स्टॉप पेलतो. छापील कागद त्याच्या निम्मेही नाही.

वर्ध्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शहर साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २४ मेच्या आसपास, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. त्या काही दिवसांत भर दुपारी भिंतीची सावली पडत नाही, खांबाची पडत नाही, तीन मजली इमारतीचीसुद्धा नाही. सावली देतं ते फक्त डोक्यावर आडवं काहीतरी: झाड, दुकानाचं पत्र्याचं छप्पर, ताडपत्री, चौकात टांगलेली हिरवी नेट. तापमान तेव्हा ४५ अंशांच्या आसपास घोटाळत असतं.

वर्धा हे आखून वसवलेलं शहर. जिल्हा १८६२ मध्ये झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी गावाच्या जागी शहराची मांडणी झाली. अशा शहरात पायी निघालेला माणूस मे महिन्यात कसा चालतो ते बघा. तो सरळ रेषेत चालत नाही. बजाज चौकातून निघाला की या दुकानाच्या छपराखालून त्या झाडाखाली, तिथून रसवंतीच्या मांडवाखाली, दुपट्टा डोक्यावर ओढत, मधलं उन्हाचं अंतर भराभर ओलांडत. त्याच्यासाठी रस्ता म्हणजे सावलीच्या बेटांचा नकाशा असतो. तुम्ही ‘पायी चालण्यायोग्यता’ या विषयावर काम करत असाल, तर तुमच्या अभ्यासाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ऊन आणि सावली यांच्यातला फरक. आणि फोनमधलं टोन मॅपिंग नेमका तोच फरक कमी करण्यासाठी बनवलेलं आहे.

थोडं गणित, अगदी सोपं

समजा रस्त्यावरचं डांबर उन्हात १० एकक उजळ आहे आणि झाडाखाली १ एकक. फरक १० पट. बायलॅटरल फिल्टरवाल्या पद्धतीत फोटोचे दोन थर करतात: ढोबळ उजेडाचा एक आणि बारकाव्यांचा एक. बारकाव्यांना हात लावत नाहीत, ढोबळ थर लॉगॅरिदमच्या मापात दाबतात. तो ०.४ पट दाबला, तर १० चा ०.४ वा घात, म्हणजे साधारण २.५. दहा पटींचा फरक अडीच पटींवर आला. डांबरावरची खडी, पडलेली पानं, सायकलच्या आऱ्या मात्र तशाच खणखणीत. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय स्पष्ट फोटो आहे! आणि खरंच तो स्पष्ट असतो. फक्त सावली आता जेमतेम ढगाएवढी उरलेली असते.

राइनहार्ड यांच्या सूत्राचं सगळ्यात साधं रूप घ्या: उजेड भागिले (१ अधिक उजेड). उन्हाचा उजेड २ मानला आणि सावलीचा ०.२, तर उत्तरं ०.६७ आणि ०.१७. फरक चार पट. म्हणजे तेच झाड, तीच वेळ. एका पद्धतीत सावली अडीच पट गडद, दुसरीत चार पट, प्रत्यक्षात दहा पट. तिन्ही फोटो ‘खरे’ म्हणून प्रबंधात लागू शकतात.

यात बिघडतं काय, असं कोणी विचारेल. त्यासाठी वर्धा–सेवाग्राम रस्ता डोळ्यांसमोर आणा. २०२० मध्ये या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा वर्ध्यातले नागरिक विरोधात उभे राहिले. अशा वादात दोन्ही बाजू फोटो दाखवतात. झाडं असतानाचा रस्ता आणि झाडं गेल्यावरचा रस्ता असे दोन फोटो तुमच्या प्रबंधात शेजारी शेजारी आहेत असं समजा. दोन्ही फोनवर काढलेले, दोन्ही आपोआप टोन मॅप झालेले. पहिल्यात फोनने सावली उचलली, दुसऱ्यात आकाश आणि डांबर खाली आणलं. शेवटी दोन्ही फोटोंची सरासरी उजळणी जवळजवळ सारखी. वाचणारा अधिकारी म्हणेल, हिरवळ कमी झाली खरी, पण रस्ता तर तसाच दिसतो आहे. पायी चालणाऱ्याच्या डोक्यावरून दहा पटींचा फरक निघून गेला, आणि तुमच्या पुराव्यात त्याची नोंदच नाही. कोणी खोटं बोललं नाही. फोटो सुंदर करण्याच्या सवयीने परस्पर काम केलं.

सेवाग्रामच्या तीन अटी

या चर्चेत वर्धा जिल्ह्यातलं एक जुनं उदाहरण फार उपयोगी पडतं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला आले. त्याच गावाचं नाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं. आश्रमात कनू गांधी नावाचा तरुण काम करत होता, नात्याने गांधीजींच्या चुलत पुतण्याचा, नारणदास यांचा मुलगा. वर्ध्यातलं मगन संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे ते मगनलाल गांधी त्याचे काका. कनूला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च करणार नाही. १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं कनू गांधी या अटींत राहून फोटो काढत होते.

तिसरी अट तुम्हाला वेगळी सांगायला नको. फेलोशिप वेळेवर न मिळणाऱ्या प्रत्येकाला ती आपोआप लागू आहे. पहिल्या दोन अटी मात्र तंत्राच्या दृष्टीने बघा.

बापूकुटी मातीची, बांबूची, वर कवेलू. आत चटईवर बसायचं. बाहेर विदर्भाचं ऊन. म्हणजे वर सांगितलेला ११ स्टॉपचा प्रश्न, तोही त्या काळच्या मंद फिल्मवर. फ्लॅश नसेल तर छायाचित्रकाराकडे दोनच रस्ते उरतात: आतल्यासाठी एक्स्पोजर ठरवायचं आणि दार पांढरं फटक होऊ द्यायचं, किंवा दारातल्या उजेडासाठी ठरवायचं आणि माणूस अंधारात जाऊ द्यायचा. दोन्ही बाजू मिळत नाहीत. काय सोडलं हे फोटोत उघड दिसतं. बघणाऱ्याला कळतं की खोली अंधारी होती, उजेड एका बाजूने येत होता. तो अंधारसुद्धा माहितीच आहे. त्या घराच्या भिंती जाड, उघडी जागा कमी, आणि म्हणून आत गारवा: हे सगळं त्या अंधारात वाचता येतं.

आज त्याच कुटीत पर्यटकाने फोनवर काढलेला फोटो बघा. आतली चटई, भिंतीवरचं मातीचं नक्षीकाम, खिडकीबाहेरचं झाड, सगळं एकाच उजेडात. घर हवेशीर, उजळ, एखाद्या रिसॉर्टच्या जाहिरातीसारखं. इव्हान इलिच १९७८ मध्ये सेवाग्रामला आले होते आणि या कुटीवर त्यांनी भाषण केलं. त्यांचा मुद्दा असा होता की घर आणि सामान साठवण्याची जागा यांत फरक आहे, आणि ही झोपडी माणसाच्या मापाचं घर आहे. त्या मापात अंधारही येतो. तो काढून टाकला की वास्तूबद्दलचं विधानच बदलतं.

जुनं ते सोनं, असं मात्र मला म्हणायचं नाही. फिल्मलाही स्वतःची वक्ररेषा असते. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी ती १८९० मध्येच मोजून मांडली होती. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका प्रिंटमध्ये जोडत होता. कनू गांधी सेवाग्रामला फोटो काढत होते त्याच सुमाराला, १९३९-४० मध्ये, अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर झोन सिस्टिम बांधत होते, आणि राइनहार्ड यांचा २००२ चा ऑपरेटर थेट तिच्यावरूनच प्रेरणा घेतो. टोन मॅपिंग नसलेला फोटो जगात नाही. फरक इतकाच की डार्करूममध्ये कोणाचा तरी हात होता आणि त्याला विचारता येत होतं.

चालणाऱ्यांची भुतं

दुसरी अट, पोज द्यायला सांगायचं नाही, ही चालत काढलेल्या फोटोंसाठी अजून महत्त्वाची. तीन एक्स्पोजर घेऊन जोडायचे तर दृश्य स्थिर हवं. मंदिराचा कळस स्थिर असतो, बाजारातली बाई नसते. जोडताना ती तीन ठिकाणी अर्धवट दिसते. या अर्धवट आकृतींना या विषयात ‘घोस्ट’ म्हणतात, म्हणजे भुतंच. ती घालवणारे अल्गोरिदम आहेत. ते हललेला भाग ओळखतात आणि एकाच फ्रेममधून घेतात. काही पद्धती तर जे बहुतेक फ्रेममध्ये सारखं आहे तेच ठेवतात. मग होतं काय? उभी गाडी राहते, बसलेला पानठेलेवाला राहतो, चालणारी माणसं पुसट होतात किंवा गायब होतात.

पायी चालणाऱ्यांवरच्या अभ्यासात पायी चालणारेच गायब! हसू येईल, पण फोटोवरून गर्दी मोजणाऱ्याने हे गंभीरपणे घ्यायला हवं. आणि भुतं टाळायची म्हणून तुम्ही तिपाई लावलीत, लोकांना ‘जरा थांबा’ म्हणालात, तर तुमचं चालणं संपलं आणि त्यांचंही. मग ती पद्धत ‘चालत केलेलं निरीक्षण’ राहत नाही.

मूल्यमापनाचं संशोधन काय सांगतं, आणि काय सांगत नाही

तुम्ही म्हणाल, कोणता ऑपरेटर चांगला यावर इतके पेपर आहेत, त्यातला सर्वोत्तम घेऊ की! इथे जपून. लेडा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये खऱ्या एचडीआर पडद्यावरचं चित्र समोर ठेवून ऑपरेटरांची तुलना केली. ही रचना मला पटते, कारण तुलनेला काहीतरी मूळ आहे. पण पुष्कळ अभ्यासांत लोकांना फक्त विचारतात, कोणता आवडला? आवड आणि इमान या वेगळ्या गोष्टी आहेत.

येगाने आणि वांग यांचा २०१३ चा टीएमक्यूआय हा निर्देशांक फार वापरला जातो. त्यात दोन भाग आहेत: रचना किती टिकली, आणि चित्र किती ‘नैसर्गिक’ दिसतं. नैसर्गिक म्हणजे काय हे त्यांनी सुमारे ३,००० साध्या फोटोंची सरासरी उजळणी आणि कॉन्ट्रास्ट बघून ठरवलं. त्यांच्या उद्देशासाठी ते ठीकच आहे. पण मे महिन्यात सेवाग्राम रस्त्यावर अर्धी चौकट पांढरी जळलेली आणि अर्धी काळी, हेच वास्तव असेल, तर त्या वास्तवाला ‘नैसर्गिकते’त गुण कमी मिळू शकतात. म्हणजे निर्देशांक उंचावण्याच्या नादात आपण दुपार सौम्य करत जाऊ. कोणताही निर्देशांक उचलण्याआधी तो कशावर घडवला आहे हे बघायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या. व्हायवामध्ये हाच प्रश्न येतो.

विरोधी मुद्दा, आणि तो कच्चा नाही

आता कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल: पण डोळा तर सावलीत नीट बघतो! झाडाखाली उभ्या माणसाला सायकल काळी ठिक्कर दिसत नाही. उलट एकाच एक्स्पोजरचा फोटो सावली काळी करतो, तोच खोटा. टोन मॅपिंग डोळ्याच्या जवळ आहे.

मुद्दा बरोबर आहे आणि या विषयाची सुरुवातही तिथूनच झाली. १९९३ मध्ये टंबलिन आणि रशमायर यांनी टोन मॅपिंगचा प्रश्न मांडला तो मानवी दृष्टीच्या भाषेतच. पण डोळा हे काम वेळ घेऊन करतो. उन्हातून कुटीत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, मग हळूहळू दिसू लागतं. बाहेर पडताना डोळे मिचकावे लागतात. चालणाऱ्याचा अनुभव या बदलांचा बनलेला असतो. टोन मॅप केलेला फोटो सावलीत रुळलेला डोळा आणि उन्हात रुळलेला डोळा एकाच चौकटीत एकाच क्षणी बसवतो. असा माणूस कोणी नाही. शिवाय डोळ्याला तपशील दिसला तरी फरक कळायचा राहत नाही, अंग सांगतंच.

म्हणून एका फोटोवर दोन्ही कामं टाकू नका. ‘तिथे काय होतं’ हे दाखवायला टोन मॅप केलेला फोटो चांगला. गोपुरीच्या गीताई मंदिराला छप्पर नाही. तिथल्या शिळांवरची अक्षरं कडक उन्हात नोंदवायची असतील, मगन संग्रहालयातल्या अवजारांची सूची करायची असेल, कुटीतल्या भिंतीची दुरुस्ती नोंदवायची असेल, तर सावली उचलाच. तिथे तपशील हाच पुरावा आहे. पण ‘तिथे कसा उजेड होता’ हे दाखवायचं असेल, तर उजेडाचं नातं टिकलं पाहिजे.

मग करायचं काय?

खर्चिक काही नाही. क्रमाने सांगते.

१. फोनमध्ये रॉ किंवा डीएनजीची सोय असेल तर जेपीजीसोबत तीही ठेवा. पण काही फोनची रॉ फाइलसुद्धा अनेक फ्रेम जोडून केलेली असते, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये एकच फ्रेम मिळते का ते आधी तपासा.

२. एकाच रस्त्याची मालिका काढताना आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा. ऊन जळलं तर जळू द्या. तुलना टिकते.

३. एक ग्रे कार्ड जवळ ठेवा. एक फोटो कार्ड उन्हात, एक सावलीत. पुढे कोणालाही तुमचा फरक पडताळता येईल.

४. साधा लक्समीटर मिळाला तर उत्तम. विभागाच्या प्रयोगशाळेत बहुधा पडून असतो, विचारून बघा. प्रत्येक थांब्यावर दोन आकडे वहीत लिहा. फोटो त्या आकड्यांची साथ करेल, जागा घेणार नाही.

५. उजेडाचा खरा नकाशा हवा असेल तर स्थिर जागी, माणसं नसताना, ब्रॅकेटिंग करून काढा आणि चालतानाच्या फोटोंपासून वेगळा ठेवा. इमारतींतला दिवसाचा उजेड अभ्यासणारे लोक ग्रेग वॉर्ड यांच्या ‘रेडियन्स’ या प्रणालीसोबत असे नकाशे वापरतात. ती मोफत आहे.

६. टोन मॅपिंग केलंच तर ऑपरेटरचं नाव आणि आकडे पद्धतीच्या प्रकरणात लिहा. ‘एचडीआर फोटो घेतले’ हे वाक्य ‘आकडेवारी केली’ या वाक्याइतकंच पोकळ आहे. तुलनेच्या फोटोंना शक्यतो एकच ग्लोबल वक्ररेषा लावा.

७. फोनने आपोआप काय केलं ते माहीत नसेल, तर तसंच लिहा. परीक्षक त्याबद्दल गुण कापत नाही, लपवल्याबद्दल कापतो.

आणि कॅप्शन. आपल्याकडे कॅप्शन म्हणजे जागेचं नाव आणि ‘स्रोत: संशोधक’ एवढंच असतं. त्याच जागेत एवढं मावतं, बघा:

‘वर्धा–सेवाग्राम रस्ता, मे, दुपारी १२.१५, पश्चिमेकडे तोंड. एकच फ्रेम, रॉ, एक्स्पोजर उन्हासाठी ठरवलेलं आणि मालिकाभर कायम. ग्लोबल वक्ररेषा, लोकल प्रक्रिया नाही. ग्रे कार्ड: ऊन आणि सावली यांत मोजलेला फरक … स्टॉप.’

रिकामी जागा तुम्ही भरायची आहे.